पहिल्या चावीला

लिहून देणार : मी स्वतः. वय वर्षे एकाहत्तर, धंदा गाड्यांच्या बॅटऱ्या आणि वायरिंग, राहणार दुकानाच्या वरच्या मजल्यावर. शेवटी जी सही आहे ती माझीच.

माझी बुद्धी शाबूत आहे. याबाबत घरात दुमत आहे, पण डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला असून तो पत्नीच्या मतापेक्षा वरचढ धरावा. हा कागद मी कोणाच्या धाकाने, कोणाच्या भरीला पडून किंवा नशेत लिहीत नाही. स्वतःच्या हाताने, कामाच्या टेबलावर, दुपारचे जेवण झाल्यावर लिहीत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. गेल्या वर्षी माझ्या छातीत एक छोटे यंत्र बसवले. त्यालाही बॅटरी आहे. ती आठ-दहा वर्षे सहज जाईल असे डॉक्टर म्हणाले. बॅटरी किती वर्षे "सहज जाईल" हे मी स्वतः गिऱ्हाइकांना पंचेचाळीस वर्षे सांगत आलो आहे, त्यामुळे त्या शब्दाची किंमत मला ठाऊक आहे. म्हणून हे लिहायला घेतले.

कलम १. दुकान आणि वरचे घर माझ्या स्वकष्टाचे आहे. माझ्या मागे ते पत्नीचे आणि तिच्या मागे मुलीचे. घराविषयी इतकेच सांगायचे की जिन्याची तिसरी पायरी हलते आणि पश्चिमेच्या खिडकीची कडी वर उचलूनच लावावी लागते. स्वयंपाकघरातल्या भिंतीच्या कपाटाला रंग देण्याचे मी एकतीस वर्षांपूर्वी कबूल केले होते. ती जबाबदारी वारसांवर जाते.

कलम २. बँकेत जे काही आहे ते सगळे पत्नीचे. त्याचे काय करावे याबाबत तिने मनाला येईल ते करावे, फक्त तिच्या भावाचा सल्ला घेऊ नये. कारण कलम ६ मध्ये येईल.

कलम ३. दुकानातले चार्जर, मीटर, पाने आणि ॲसिडची घनता मोजायची काचेची नळी, ज्याला आम्ही हायड्रोमीटर म्हणतो, हे सर्व मुलीला द्यावे. ती शाळेत विज्ञान शिकवते आणि नळीतला तरंगता काटा कुठे थांबला हे तिला वयाच्या सातव्या वर्षापासून वाचता येते. दुकान तिने चालवायला दिले तरी माझी हरकत नाही. मात्र ज्याच्या शर्टाला बारीक भोके नाहीत अशा माणसाला देऊ नये. ॲसिडचे काम केलेल्याचा शर्ट शाबूत राहत नाही. स्वच्छ शर्टाचा माणूस बॅटरी विकेल, सांभाळणार नाही.

माझे शर्ट कोणी घेणार नाही. ते पुसायला ठेवावेत.

कलम ४. शेजारच्या शिंप्याला माझ्या जंपर केबल, म्हणजे एका गाडीच्या बॅटरीवरून दुसरी गाडी सुरू करायच्या चिमटे लावलेल्या दोन जाड तारा, देऊन टाकाव्यात असे मी ठरवले होते. त्या त्याने बारा वर्षांपूर्वी दोन दिवसांसाठी नेल्या आहेत. आहेर केल्यासारखे होईल आणि वादही मिटेल, असा हिशेब होता. परंतु या मृत्युपत्रावर तो पहिला साक्षीदार आहे. ते ऐकून हा कागद तपासणाऱ्या वकीलबाई म्हणाल्या, "काका, ज्याला यातून काही मिळणार आहे, तो साक्षीदार चालत नाही. एक तर सही, नाही तर केबल."

मी शिंप्याला विचारले. तो म्हणाला, "सही करतो बाबा. केबलीचं मग बघू."

तेव्हा या कलमान्वये शिंप्याला काहीही मिळत नाही. केबल माझ्या आहेत आणि त्याने त्या आणून द्याव्यात. वकीलबाईंनी सांगितलेला हा नियम वाचणाऱ्याने लक्षात ठेवावा. पुढे पुन्हा लागणार आहे.

कलम ५. मागच्या शेडमध्ये फिकट निळ्या रंगाची चार दारांची गाडी उभी आहे. ती माझी नाही. बारा वर्षे माझ्या ताब्यात असल्यामुळे ती माझीच असावी असा अनेकांचा समज आहे आणि भंगारवाला दर वर्षी येऊन तिचे वजन डोळ्यांनी करून जातो. त्याला दर वर्षी दिलेले उत्तर त्याला माझ्या मागेही द्यावे. ते इथे लिहिण्यासारखे नाही, पण पत्नीला पाठ आहे.

गाडी माझ्या धाकट्या भावाची आहे. तो जहाजावर इंजिनाच्या खोलीत कामाला होता. वर्षातले नऊ महिने पाण्यावर आणि तीन महिने जमिनीवर. पहिल्या काही वर्षांत त्याने ही गाडी घेतली आणि जायची वेळ आली तेव्हा माझ्या शेडमध्ये आणून लावली. एक चावी त्याच्याकडे, एक माझ्याकडे. मला म्हणाला, "दादा, तुझ्याइतकी काळजी हिची कोण घेणार?" यात प्रेम किती आणि शेडला भाडे नसल्याचा आनंद किती, हे मी तेव्हा विचारले नाही.

तेव्हापासून एक रीत पडली. नऊ महिन्यांनी धाकटा यायचा तो आधी शेडमध्ये. आई वरच्या खिडकीतून हाका मारत असायची, तरी खांद्यावरची बॅग न उतरवता तो दार उघडून चावी फिरवायचा. मी तार आधीच जोडलेली असे. गाडी पहिल्या चावीला सुरू झाली की तो काचेतून डोके बाहेर काढून म्हणायचा, "दादा, अजून धंद्यात आहेस!" मग वर जाऊन आईला भेटायचा. आईला या क्रमाचा राग यायचा. मला यायचा नाही.

कलम ६. गाडी धाकटा घेऊन जाईपर्यंत ती पुढीलप्रमाणे सांभाळावी. हे मुख्यतः मुलीसाठी आहे.

गाडी दोन आठवड्यांहून जास्त उभी राहणार असेल तर बॅटरीची काळी तार, म्हणजे निगेटिव्हची, काढून बाजूला बांधून ठेवावी. नुसती काळी काढली तरी पुरते. दोन्ही काढायच्या झाल्या तर आधी काळी, मग लाल, आणि जोडताना आधी लाल, मग काळी. उलटे केले तर पाना पत्र्याला टेकून ठिणगी उडते आणि माणूस एकदाच शिकतो. लोकांना वाटते, गाडी बंद म्हणजे बॅटरीला सुट्टी. तसे नसते. घड्याळ चालू असते, कुठला तरी दिवा अर्धवट जागा असतो, आणि थेंबे थेंबे तळे साचते तसे ते थेंबे थेंबे आटतेही. नवीन गाड्यांत तर असे पिणारे डझनभर असतात.

महिन्यातून एकदा मीटर लावावा. बारा पॉइंट सहा व्होल्ट दिसले तर काही करू नये आणि उगाच केल्याचे समाधान मिळवू नये. बारा पॉइंट चारच्या खाली गेले तर लहान चार्जर लावावा, सावकाश. मोठ्या चार्जरने घाईघाईत भरलेली बॅटरी वरवर भरते. उतरलेली बॅटरी तशीच महिनाभर ठेवली तर आतल्या पट्ट्यांवर पांढरा थर चढतो आणि मग तिला कितीही द्या, ती घेत नाही.

दर रविवारी गाडी पाच मिनिटे सुरू करून बंद करू नये. हा सल्ला जो तो देतो. सुरू करताना बॅटरीतून जेवढे जाते तेवढे पाच मिनिटांत परत येत नाही. उपाशी माणसाला दोन घास देऊन ताट उचलण्यातला तो प्रकार आहे. चालवायची तर रस्त्यावर चांगली अर्धा-पाऊण तास चालवावी, नाही तर तिच्या वाटेला जाऊ नये.

पाणी फक्त डिस्टिल्ड घालावे, पट्ट्या बुडतील इतके. माझ्या मेहुण्याने, "पाणी ते पाणी, दाजी," असे म्हणून नळाचे घातले होते. त्याची बॅटरी सहा महिन्यांत गेली आणि त्याने सहा वर्षे दोष मला दिला. कलम २ मधले कारण ते हे. टोकांवर पांढरट भुकटी जमली तर कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून पुसावी, कोरडे करावे आणि व्हॅसलिनचा पातळ हात द्यावा. हँडब्रेक ओढून ठेवू नये, धरून बसतो. चाकाखाली लाकडी ठोकळा लावावा. चाकांत हवा दोन पौंड जास्त ठेवावी.

पत्नी म्हणते, "त्या गाडीला जेवढं पाणी पाजलंत, तेवढं कुंड्यांना घातलं असतं तर बाग झाली असती." हे खरे आहे. कुंड्यांची मी माफी मागतो.

आणि चावी गाडीत कधीही ठेवू नये. काढावी, वर न्यावी, खिळ्याला अडकवावी. याचे कारण पुढच्या कलमात आहे.

कलम ७. हे कलम लिहायची गरज नाही असे वकीलबाईंचे मत पडले. त्या म्हणाल्या, "काका, चावी कुठल्या खुणेवर होती, हे मृत्युपत्रात कोणी लिहीत नाही."

मी विचारले, "मग कशात लिहितात?"

त्या कागद माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "लिहा."

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. धाकटा बुधवारी संध्याकाळी यायचा होता. मी सकाळीच गाडीची तार जोडून ठेवली. आमची आई दुपारी झोपायची आणि तेव्हा वर रेडिओ लावायची सोय नव्हती. बुधवारी दुपारी रेडिओवर श्रुतिका लागायची. ती मी तेवढ्यापुरती तार जोडून धाकट्याच्या गाडीत बसून ऐकायचो. चावी एक खूण फिरवली की इंजिन बंद राहते आणि रेडिओ लागतो. हे मी बरीच वर्षे करत होतो आणि धाकट्याला माहीत नव्हते. वाईट काही नव्हते त्यात, पण दुसऱ्याच्या गाडीत बसून ऐकलेल्या श्रुतिका जास्त रंगतात, हे कबूल करतो.

त्या बुधवारी आवाज बारीक करून ऐकत असताना माझा डोळा लागला. जाग आली ती गिऱ्हाइकाच्या हाकेने. तोवर श्रुतिका संपून दुपारचे केंद्र बंद झाले होते आणि रेडिओ मुका होता. मी उतरलो आणि दुकानात गेलो. चावी तशीच, एका खुणेवर राहिली. संध्याकाळी धाकटा आला. आईला त्या दिवशी बरे वाटत नव्हते, म्हणून पहिल्यांदाच तो शेडमध्ये चावी फिरवायला न जाता सरळ वर गेला. नंतर वर अडचण नको म्हणून त्याने आपल्या चावीने बाहेरून डिकी उघडली, दोन बॅगा त्यात टाकल्या, आणि झोपला. रेडिओ दुसऱ्या दिवसापर्यंत थेंबे थेंबे बॅटरी पीत राहिला. बॅटरी जुनी होती. बदलायला झाली होती, हेही मला माहीत होते.

गुरुवारी सकाळी अकराला आईच्या छातीत कळ आली. मी पुढे पळालो, धाकटा आणि पत्नी आईला उचलून मागून. मी दार उघडले तेव्हा चावी दिसली. फिरवली. टक् असा एक आवाज झाला आणि दुसऱ्यांदा तोही झाला नाही. त्यांनी आईला मागच्या सीटवर ठेवले.

धाकटा म्हणाला, "काय झालं?"

"बॅटरी उतरली."

"तुझ्याकडे? तुझ्याकडे बॅटरी उतरली?"

आणि मी म्हणालो, "तू डिकी नीट लावली नाहीस. आतला दिवा रात्रभर जळला असणार."

हे वाक्य मी ठरवून बोललो नाही. पण बोलल्यावर परत घेतले नाही, आणि ते ठरवून होते.

दुकानात चार्ज झालेल्या अकरा बॅटऱ्या होत्या. जंपर केबल असत्या तर दोन मिनिटांचे काम. त्या शिंप्याकडे होत्या. यात शिंप्याचा काही दोष नाही, मीच दिल्या होत्या. जुनी बॅटरी काढून नवी बसवायला मला चौदा मिनिटे लागली. एरवी मला सहा लागतात. नट दोनदा निसटून गाडीखाली गेला. धाकटा आईचे डोके मांडीवर घेऊन मागे बसला होता. काळी तार टेकवताच गाडीतला रेडिओ बारीक आवाजात बोलू लागला, सकाळच्या बातम्या. मी आत बसून आधी रेडिओ बंद केला आणि मग गाडी सुरू केली. त्या गडबडीत कोणाच्या लक्षात आले नसावे.

आई दवाखान्यात पोहोचली आणि अर्ध्या तासाने गेली. डॉक्टर म्हणाले, "दहा-पंधरा मिनिटं आधी आणलं असतं तरी फारसा फरक पडला नसता." ते दयाळू माणूस होते. या बारा वर्षांत मी त्यांच्या वाक्यातले बाकी सगळे शब्द विसरायला तयार आहे, एक "फारसा" सोडून.

दहा-बारा दिवसांनी नातेवाईक बसले होते. कोणीतरी विचारले, बॅटरीवाल्याच्या घरात असे कसे झाले. मी म्हणालो, डिकीचा दिवा. सगळ्यांनी धाकट्याकडे पाहिले. त्याने माझ्याकडे पाहिले. बराच वेळ पाहिले आणि म्हणाला, "असेल."

त्याच संध्याकाळी त्याने आपली चावी माझ्या टेबलावर ठेवली. "गाडी इथेच असू दे," म्हणाला आणि बॅगा उचलून बसने गेला. त्यानंतर तो आला नाही आणि मी बोलावले नाही. जहाजावरची नोकरी सुटून त्याला चार वर्षे झाली. दीड तासाच्या अंतरावर राहतो. सगळे समजतात, आईच्या मरणाला आपण कारणीभूत झालो या भावनेने तो येत नाही. मीच तसे समजू दिले.

डिकी नीट लागलेली होती. मी त्याच दिवशी दवाखान्यातून परतल्यावर पाहिली. फटीतून दिवा दिसत नव्हता आणि झाकण दाबून पाहिले तरी हलले नाही. बॅटरी मी उतरवली. धाकट्याचा काही दोष नव्हता. हे पत्नीला आणि मुलीला माहीत नाही. हा कागद पुरावा म्हणून वापरायला माझी हरकत नाही.

मला याची लाज वाटते. शब्द साधा आहे आणि उशिरा लिहिला आहे.

तेव्हापासून त्या गाडीत मी चार बॅटऱ्या बदलल्या. एकही बारा पॉइंट चारच्या खाली जाऊ दिली नाही. वहीत आकडे आहेत, तारखेसह. त्याने काही भरून निघते असे माझे म्हणणे नाही. एवढे एकच काम मला येत होते.

कलम ८. या मृत्युपत्रान्वये माझ्या धाकट्या भावाला काहीही मिळत नाही. यावरून गैरसमज होऊ नये. कलम ४ मधला नियम पाहावा. ज्याला काही मिळते तो साक्षीदार होऊ शकत नाही, आणि मला दुसरा साक्षीदार म्हणून धाकटा हवा आहे. पत्र लिहिले असते तर त्याने ते न उघडता ठेवले असते. फोन केला असता तर मी हवापाण्याचे बोलून ठेवला असता, तसे दोनदा केले आहे. पण साक्षीदाराला समोर येऊन बसावे लागते आणि सही करताना माझ्या हाताकडे पाहावे लागते. कायद्याने पंचेचाळीस वर्षांत मला दिलेला हा पहिला उपयोग.

एक अडचण आली. गाडी त्याची असली तरी आतली बॅटरी मी विकत घेतलेली, म्हणजे माझी. ती त्याला दिली तर त्याला काहीतरी मिळाले. वकीलबाईंनी डोक्याला हात लावला आणि म्हणाल्या, "गाडीला लावलेली वस्तू गाडीचीच धरू या." तेव्हा आज सकाळी मी बॅटरी बसवून काळी तार घट्ट जोडली आहे. आता तिच्यावर माझा हक्क नाही.

मुलीने धाकट्याला फोन करून विचारले, "काका, बाबांच्या मृत्युपत्रावर सही करायला याल?" तो म्हणाला, "रविवारी येतो." आणखी काही म्हणाला का, हे मी तिला तीनदा विचारले. तिन्ही वेळा ती नाही म्हणाली.

साक्षीदाराने मजकूर वाचायची सक्ती नसते. परंतु धाकट्याने कलम ७ वाचल्याशिवाय सही करू नये, अशी माझी अट आहे. कागदासोबत त्याची चावी त्याच्या हातात द्यावी. वाचून तो उठून गेला तर वकीलबाई सही करतील, कागद अडणार नाही. माझे काय ते अडेल.

कलम ९. माझ्या मागे दुकान एक दिवस बंद ठेवावे. दोन नको. चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या तशाच राहिल्या तर उकळतात.

वरील सर्व मजकूर मी वाचला, खाडाखोड दोन ठिकाणी आहे, तीही माझीच. जे लिहिले ते खरे आहे आणि जे आधी बोललो होतो ते रद्द समजावे.

सहीचे ठिकाण : दुकानामागची शेड, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून
दिनांक : ९ मार्च २०२५, रविवार, सकाळी साडेदहा

लिहून देणाराची सही : (सही)

साक्षीदार पहिला, शेजारचा शिंपी : यांनी माझ्यासमोर सही केली. केबल आणून दिल्या आहेत. एक चिमटा तुटला आहे, तो आधीचाच. (सही)

साक्षीदार दुसरा, लिहून देणाराचा धाकटा भाऊ : माझ्यासमोर सही केली. हाताकडे पाहिलं, सही त्याचीच आहे. कलम सात वाचलं. त्या दिवशी मागच्या सीटवर मी रेडिओ ऐकला होता. डिकीच्या दिव्यातून बातम्या येत नाहीत. तू सांगशील म्हणून गाडी इथे ठेवून गेलो, आणि तू बारा वर्षं लावलीस. मीही विचारलं नाही, तेवढं माझ्याकडे लागतं. आई गेली ती मिनिटं मीही मोजलीत, ती माफ करणं एका रविवारचं काम नाही. पण गाडी आज नेतोय. रोज चालवीन, तार काढायची वेळ येणार नाही.

सहीच्या आधी चावी फिरवून पाहिली. पहिल्या चावीला सुरू झाली. दादा, अजून धंद्यात आहेस. (सही)